सिक्स्टी बसवू का?

सकाळी साडेसहाला, वारा उठायच्या आत, गावाबाहेरच्या मोकळ्या रानात मोटारींच्या डिक्क्या उघडतात. कुणी धड बाहेर काढतं, कुणी पंख. दोन्ही जाड रबर बँडांनी एकमेकांना जखडले जातात. टाकीत हातपंपाने इंधन भरलं जातं, ग्लो प्लगला दीड व्होल्टची बॅटरी लागते, स्टार्टरचा रबरी कप प्रॉपच्या, म्हणजे प्रोपेलरच्या, नाकावर टेकतो आणि मुठीएवढं इंजिन आधी खाकरतं, मग एकदम किंचाळायला लागतं. मफलरमधून निळसर धूर निघतो, त्याला जळक्या एरंडेलाचा वास असतो. विमान दोन-तीनदा वर जाऊन येतं आणि चहाच्या थर्मासभोवती नेहमीचा प्रश्न निघतो. ‘काका, हे जरा दमतंय. सिक्स्टी बसवू का?’ काका मुरलेले असतील तर हो किंवा नाही म्हणत नाहीत. ‘आधी प्रॉप कुठला लावलायस ते सांग,’ म्हणतात.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘ताकद’ हा विषय दिला. ताकद मिळते कशी आणि मिळाली तर खर्च कुठे होते, याचा हिशोब ग्रॅममध्ये आणि इंचांत मांडून दाखवेल अशी जागा शोधायची तर रेडिओवर चालणाऱ्या छोट्या विमानांचं मैदान फार सोयीचं. इथे कुणाचा दावा खोटा ठरायला पाच वर्षं थांबावं लागत नाही, तीस सेकंद पुरतात. आणि या मैदानावर थोडं नीट पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते. विमान दमतंय म्हणून मोठं इंजिन आणायला निघालेल्या बहुतेकांना जे कमी पडत असतं त्याचं नाव अश्वशक्ती नसतं. त्यांना हवी असते ओढ, तीही विमान हळू असताना: गवतातून सुटताना, झाडांच्या रांगेवरून चढताना, लूपच्या माथ्यावर. ही ओढ प्रॉप देतो. इंजिन त्याला फिरवतं, आणि त्या कामाचं भाडं विमान वजनाच्या रूपाने प्रत्येक सेकंदाला भरत असतं. म्हणून इंजिनाची निवड प्रॉपपासून सुरू करून मागे यावी आणि वजनापाशी थांबावी, असं या लेखाचं म्हणणं आहे. उलट्या टोकाने, म्हणजे दुकानातल्या खोक्यावरच्या आकड्यापासून सुरुवात केली, तर पैसे जातात आणि पुष्कळदा विमानही जातं.

खोक्यावरचा आकडा

फोर्टी, फोर्टीसिक्स, सिक्स्टी ही नावं घनइंचांतून आली. पिस्टन एका फेरीत जेवढी जागा व्यापतो ती ०.४० घनइंच असेल तर फोर्टी, म्हणजे साधारण साडेसहा सीसी. फोर्टीसिक्स साडेसात सीसीचं, सिक्स्टी किंवा सिक्स्टीवन दहा सीसीचं. एवढ्याशा पोटातून निघणारी ताकद मात्र चकित करणारी आहे. एकशेदहा सीसीची स्कूटर आठेक अश्वशक्ती देते. साडेसात सीसीचं चांगलं ग्लो इंजिन दीडच्या पुढे जातं. सीसीमागे हिशोब केला तर स्कूटरच्या तिप्पट. टू-स्ट्रोक असणं, मिनिटाला सोळा हजार फेऱ्यांपर्यंत पळणं आणि मिथेनॉल पिणं, या तिन्हींचा तो परिणाम. इंधनात पाचवा हिस्सा तेल असतं, एरंडेल किंवा कृत्रिम किंवा दोन्ही मिसळून, आणि वर थोडं नायट्रोमिथेन. ठिणगी पाडणारी यंत्रणा नसतेच. प्लगमध्ये प्लॅटिनमयुक्त तारेचं बारीक वेटोळं असतं, त्यावर मिथेनॉलच्या वाफेची रासायनिक क्रिया होऊन ते लाल राहतं. बॅटरी फक्त सुरू करण्यापुरती. नंतर ती काढून बाजूला ठेवायची. १९४७मध्ये अमेरिकेत रे आर्डेन यांनी हा प्लग बाजारात आणला. त्याआधी विमानाला ठिणगीसाठी कॉइल आणि बॅटरी पोटात घेऊन उडावं लागे. छोट्या विमानांच्या ताकदीतली ही एक मोठी उडी वजन कमी करून साधली गेली होती, हे इथे मुद्दाम नोंदवून ठेवू.

आता आकडे. ओसाकाची ओ.एस. ही कंपनी १९३६पासून या धंद्यात आहे आणि तिची इंजिनं हा या छंदातला मापदंड मानला जातो. तिच्या ४६एएक्स या गाजलेल्या इंजिनाची जाहीर ताकद १.६५ अश्वशक्ती, सोळा हजार फेऱ्यांना; वजन मफलर सोडून साधारण ३७५ ग्रॅम. ६१एफएक्स या दहा सीसीच्या इंजिनाची १.९ अश्वशक्ती, तीही सोळा हजारांनाच. वजन साधारण ५५० ग्रॅम. म्हणजे ताकद पंधरा टक्क्यांनी वाढली आणि इंजिनाचं वजन जवळपास निम्म्याने. विमान सरळ पळताना हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो तोडायला लागणारी ताकद घनाने. पंधरा टक्के जादा ताकदीतून मिळणारा जादा वेग पाच टक्क्यांच्या आत. ताकद चक्क दुप्पट केली तरी वेग सव्वापट होतो, दुप्पट नव्हे. वेगासाठी मोठं इंजिन घेणाऱ्याने हा घनाचा नियम पाकिटावर लिहून ठेवावा.

हा हिशोब सिक्स्टीवर थोडा अन्याय करणारा आहे, हेही सांगायला हवं. सोळा हजार फेऱ्या मैदानावर कुणी पाहत नाही. फोर्टीसिक्सला ११×६चा प्रॉप लावला की ते जमिनीवर बारा हजारांच्या आसपास फिरतं, म्हणजे खोक्यावरची अश्वशक्ती त्यातून कधी निघतच नाही. त्या फेऱ्यांवर कामाला येतो तो टॉर्क, आणि टॉर्क पोटाच्या आकारावर अवलंबून असतो; दहा सीसीचं पोट साडेसातपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने मोठं. त्यामुळे सिक्स्टीचा खरा फायदा पंधरा टक्क्यांहून जास्त असतो. पण तो फायदा कोणता? तेवढ्याच फेऱ्यांना मोठा प्रॉप फिरवता येणं. बोट पुन्हा प्रॉपकडेच गेलं.

दोन इंचांची किंमत

प्रॉपवर दोन आकडे असतात. १०×६ म्हणजे व्यास दहा इंच आणि पिच सहा इंच. स्क्रू लाकडात शिरतो तसा प्रॉप हवेत शिरला, तर एका फेरीत सहा इंच पुढे जाईल. पिच हा मोटारीच्या गिअरसारखा. मोठ्या पिचचा प्रॉप म्हणजे टॉप गिअर: वेग पुष्कळ, पण चढावर धापा. लहान पिच आणि मोठा व्यास म्हणजे पहिला गिअर. नवशिक्याचं ट्रेनर विमान ताशी तीस-पस्तीस किलोमीटरला उतरतं आणि साठ-सत्तरला छान उडतं. त्याला १०×६ लावून इंजिन तेरा हजार फेऱ्यांना फिरवलं, तर प्रॉपचा हिशोबी वेग ताशी ११९ किलोमीटर येतो. हे विमान त्या वेगाला कधी पोचणार नाही, त्याचा जाड पंख आणि उघडी चाकं पोचू देणार नाहीत. म्हणजे घाटात टॉप गिअर टाकून गाडी चढवायची आणि मग इंजिन बदलायला गॅरेज गाठायचं, असा हा प्रकार.

उभ्या विमानाची ओढ ठरवणारा एक सोपा नियम आहे. आदर्श प्रॉप धरला तर ओढ ही ताकद आणि व्यास यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. नेमकं सांगायचं तर त्या गुणाकाराच्या दोन-तृतीयांश घातावर. या नियमाची गंमत अशी की ताकद आणि व्यास त्यात एकाच तोलाचे आहेत. व्यास वीस टक्क्यांनी वाढवला, दहाचा बारा इंच केला, तर ओढीत जी भर पडते तीच ताकद वीस टक्क्यांनी वाढवून पडली असती: दोन्हीकडून सुमारे तेरा टक्के. एकीकडे नवं इंजिन, नवं माउंट, मोठी टाकी. दुसरीकडे काही शे रुपयांचा प्लास्टिकचा प्रॉप. अर्थात बारा इंचांचा प्रॉप त्याच सहाच्या पिचने लावला तर फोर्टीसिक्स गुदमरेल, म्हणून पिच उतरवून १२×४ घ्यायचा. फेऱ्या साडेअकरा हजारांच्या आसपास येतील, हिशोबी वेग ताशी सत्तर किलोमीटरवर येईल. ट्रेनरला तेवढाच लागतो. व्यवहारात इंजिन खालच्या फेऱ्यांवर थोडी कमी ताकद देतं, त्यामुळे तेराचे दहा टक्के धरा. तरी सौदा वाईट नाही. एक गोष्ट आधी पाहायची: व्यास दोन इंच वाढला की प्रॉपचं टोक जमिनीला एक इंच जवळ येतं, आणि पावसाळ्यानंतरचं आपल्याकडचं गवत इंच-इंचाचा हिशोब ठेवतं.

फोर-स्ट्रोक इंजिनांनी हाच मुद्दा वर्षानुवर्षं सिद्ध केला आहे. फोर्टीच्या विमानावर सेव्हन्टीचं फोर-स्ट्रोक लावायची जुनी रीत आहे. कागदावर त्याची अश्वशक्ती फोर्टीसिक्सपेक्षा कमी भरते. पण ते बारा-तेरा इंचांचा प्रॉप नऊ-दहा हजार फेऱ्यांना शांतपणे फिरवतं, आणि मैदानावरचं मत बहुतेक वेळा असं पडतं की हे इंजिन ‘जास्त ताकदीचं’ आहे. कान आणि डोळे ओढ मोजतात; अश्वशक्ती खोक्यावर राहते.

नाकातले अडीचशे ग्रॅम

समजा एवढं सारं ऐकूनही सिक्स्टी आणलंच. विमान अडीच किलोचं, फोर्टी-फोर्टीसिक्ससाठी बांधलेलं. इंजिनाचा फरक पावणेदोनशे ग्रॅम. मफलर, प्रॉप, माउंट आणि बोल्ट धरून नाकात अडीचशे ग्रॅम वाढले. विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या रुंदीच्या पुढच्या पाव ते एक-तृतीयांश भागात असावा लागतो, आणि इंजिन त्याच्या पाऊण फूट, पंचवीसेक सेंटिमीटर पुढे बसतं. विमान नाकावर पडायला लागलं. तोल सावरायला शेपटीत शिसं. शेपूट गुरुत्वमध्यापासून पाऊण मीटर मागे, म्हणजे त्र्याऐंशी ग्रॅम. रिसीव्हरची बॅटरी मागे सरकवून यातलं थोडं वाचवता येतं. मोठं इंजिन जास्त पितं, म्हणून टाकी मोठी आणि तिच्यात जादा इंधन. ढोबळ बेरीज चारशे ग्रॅमपर्यंत जाते आणि अडीच किलोचं विमान दोन किलो नऊशेचं होतं.

या चारशे ग्रॅमचा हिशोब उडताना फारसा दिसत नाही, ओढ जास्त असते ना. तो उतरताना दिसतो. ज्या वेगाखाली पंख हवा सोडतो, तो स्टॉलचा वेग वजनाच्या वर्गमुळाने वाढतो. इथे जवळपास आठ टक्के. आठ टक्के म्हणजे काय, असं वाटेल. पण चाकांना शोषावी लागणारी ऊर्जा वजन गुणिले वेगाचा वर्ग, आणि वेगाचा वर्ग स्वतःच वजनाबरोबर वाढलेला. म्हणजे ऊर्जा वजनाच्या वर्गाने वाढते: सुमारे पस्तीस टक्के. नवशिक्याचं विमान शंभरातले नव्वद धक्के उतरतानाच खातं आणि लँडिंग गिअर धरून ठेवणारी लाकडाची पट्टी फोर्टीच्या हिशोबाने चिकटवलेली असते. चढण्यासाठी घेतलेल्या ताकदीची परतफेड अशी दरवेळी खाली येताना करावी लागते.

शिवाय फायरवॉल. इंजिन ज्या प्लायवूडच्या आडव्या भिंतीवर बोल्टने बसतं तिला हे नाव. एकाच सिलिंडरचं इंजिन दर फेरीला तिला पुढे-मागे हिसके देत असतं. पिस्टन जड झाला आणि त्याची धाव लांबली की हिसका त्याच प्रमाणात वाढतो. इंधन पिऊन काळपटलेली, कडेचा इपॉक्सी सुटत आलेली जुनी फायरवॉल नव्या इंजिनासह धडापासून वेगळी होऊ शकते. हाच थरकाप टाकीतल्या इंधनाला फेस आणतो, फेस म्हणजे हवा, हवा गेली की मिश्रण पातळ आणि इंजिन तापून बंद. मग जास्त ताकदीचं इंजिन हवेत बंद पडतं आणि जड झालेलं विमान त्याच्या मालकाला इंजिनाशिवाय उतरवावं लागतं.

फडफड

वेगाची एक वेगळी भीती असते, ती फ्लटरची. पंखाच्या मागच्या कडेला असलेली एलेरॉनची फळी, बिजागरीत किंवा सर्व्होच्या दांड्यात किंचित सैल असेल, तर एका विशिष्ट वेगाच्या पुढे हवा तिला झोका द्यायला लागते. पंख मुरगळतो, फळी त्याच तालात हलते, आणि प्रत्येक झोक्याला हवा आणखी जोर लावते. जमिनीवरून भुंग्यासारखा आवाज ऐकू येतो. तो ओळखून थ्रॉटल मागे घ्यायला एखादा सेकंद मिळतो. तो गेला तर एलेरॉन सुटून जातं किंवा पंखच. याला मर्यादेचा वेग असतो, त्याच्या पाच किलोमीटर आत सगळं ठीक आणि पाच पुढे सगळं संपलेलं. फोर्टीसाठी बांधलेला बाल्साचा ट्रेनर सरळ उडताना सिक्स्टीने कदाचित त्या मर्यादेपर्यंत जाणार नाही. पण जड नाकाचं विमान पूर्ण थ्रॉटलवर सूर मारतं तेव्हा घनाचा नियम मदतीला येत नाही, कारण तिथे गुरुत्वाकर्षणही इंजिनाच्या बाजूने असतं.

‘हाताशी असावी’

यावर सगळ्यांत ठाम हरकत अशी येते: ताकद हाताशी असावी, लागली तर वापरू, नाहीतर थ्रॉटल अर्धा ठेवू. ऐकायला शहाणपणाचं आहे, आणि अर्धं खरंही आहे. थ्रॉटल मागे घेतला की ताकद कमी होते, इंधन वाचतं, आवाज उतरतो. पण वजनाला थ्रॉटल नसतो. ते चारशे ग्रॅम अर्ध्या थ्रॉटललाही चारशेच राहतात, इंजिन बंद पडल्यावरही. म्हणून ही हरकत जिथे ताकद वजनाशिवाय वाढते तिथे मान्य करावी. ओ.एस.चंच ५५एएक्स हे नऊ सीसीचं इंजिन ४६एएक्सच्याच माउंटवर, त्याच छिद्रांत बसतं आणि त्यापेक्षा तीसेक ग्रॅमच जड आहे. १२ इंचांचा प्रॉप ते खुशीने फिरवतं. फोर्टीसिक्सचं विमान खरोखर कमी पडत असेल तर हा रस्ता बिनघोर. कवच बदलून वरच्या वर्गात उडी मारणं आणि त्याच कवचात पोट वाढवणं, या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानात त्या शेजारी-शेजारी ठेवलेल्या असतात एवढंच.

दुसरी हरकत आपल्या भूगोलातून येते आणि ती जास्त वजनदार आहे. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर आहे. तिथे एप्रिल-मेच्या दुपारी अडतीस अंश तापमान असताना हवेची घनता समुद्रकाठच्या प्रमाणित हवेपेक्षा सुमारे तेरा टक्के कमी भरते. महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारांवर त्याहूनही कमी. विरळ हवेत इंजिनाचा श्वास कमी, प्रॉपची पकड कमी, पंखाची उचल कमी. इंजिनाच्या फेऱ्या मात्र फारशा उतरत नाहीत, कारण प्रॉपलाही हवा हलकीच लागते. म्हणून कान फसतात आणि इंजिन ठणठणीत वाटतं. ओढ तेवढ्याच टक्क्यांनी घटलेली असते आणि सुटण्यासाठी लागणारा वेग सात टक्क्यांनी वाढलेला. परदेशी खोक्यावर लिहिलेलं ‘फोर्टी पुरेल’ हे वाक्य तिकडच्या थंड, सपाट सकाळी खरं असेल. देशावरच्या उन्हाळ्यासाठी एक पायरी वर, म्हणजे फोर्टीऐवजी फोर्टीसिक्स, हा उगाच हावरेपणा नव्हे. पण त्याला आणखी एक उत्तर आहे आणि ते फुकट आहे: सकाळी साडेसहाला या.

तिसरी हरकत थ्रीडी उडवणाऱ्यांची. प्रॉपवर उभं लटकून राहणारं विमान करायचं तर ओढ वजनापेक्षा जास्त असायलाच हवी, तिथे काटकसर चालत नाही. मान्य. पण थ्रीडीची विमानं पाहिली तर ती पक्ष्याच्या हाडासारखी पोकळ असतात, प्रत्येक फळीला जागोजागी भोकं पाडलेली. ओढ आणि वजन या अपूर्णांकात वरचा आकडा वाढवण्याआधी त्यांनी खालचा कापलेला असतो. ट्रेनरमध्ये सिक्स्टी घालून थ्रीडी होत नाही. जड ट्रेनर होतो.

एका ठिकाणी मात्र मोठ्या इंजिनाच्या बाजूने निकाल द्यावा लागतो. पहिल्या महायुद्धातली किंवा गोल इंजिनाची, आखूड नाकाची लढाऊ विमानं हुबेहूब प्रतिकृती म्हणून बांधली, तर ती शेपटीकडे जड होतात. सॉपविथ कॅमल बांधणाऱ्याला नाकात मूठभर शिसं भरावं लागतं. तिथे जादा दोनशे ग्रॅम इंजिनाच्या रूपाने आले तर ते शिशाच्या जागी आले, विमानाचं वजन वाढलंच नाही. हुबेहूब प्रतिकृतीच्या सुंदर पण हवेला अडवणाऱ्या आकाराला ती ताकद लागतेही. हा अपवाद नियमाच्या विरोधात जात नाही. इथेही निकाल वजनाच्या वहीत पाहूनच दिला.

मोटर दमत नाही

आज मैदानावर बॅटरी आणि मोटरची विमानं जास्त दिसतात, आणि नव्या पिढीला हे सारं मेथीच्या लाडवांइतकं जुनं वाटेल. पण वीज आली म्हणून हिशोब बदलला नाही, तो उघडा पडला. मोटरच्या ताकदीचं माप वॅट. साध्या कसरतींच्या विमानाला किलोमागे सव्वादोनशे वॅट, थ्रीडीला त्याच्या दीडपट, असा ठोकताळा आहे. वजन समीकरणातच बसवलेलं. मोटरवरचा केव्ही हा आकडा व्होल्टमागे किती फेऱ्या ते सांगतो. कमी केव्हीची मोटर मोठा प्रॉप हळू फिरवते, जास्त केव्हीची लहान प्रॉप जोरात. ट्रेनरसाठी जास्त केव्ही म्हणजे जास्त ताकद, असं समजून खरेदी करणारे पुष्कळ भेटतात.

एक फरक मात्र जपून लक्षात ठेवण्यासारखा आहे. इंजिनाला न पेलणारा प्रॉप लावला तर ते दमतं, फेऱ्या सोडतं, तापतं, कुरकुर ऐकू येते. मोटर कुरकुरत नाही. ती फेऱ्या टिकवण्यासाठी बॅटरीतून हवा तेवढा प्रवाह ओढते, आणि तिला थांबवणारं कुणी नसेल तर स्पीड कंट्रोलर, बॅटरी किंवा मोटरची वेटोळी यांपैकी जे आधी हरेल ते जळतं. म्हणून इलेक्ट्रिकवाला प्रॉप बदलताना वॅटमीटर लावून पाहतो.

दहा सीसीत किती मावतं

एवढं सारं गणित ज्यांना कोरडं वाटेल त्यांच्यासाठी एक स्पर्धा आहे. अमेरिकेतल्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेची एरो डिझाइन स्पर्धा; जगभरच्या, भारतातल्याही, अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघ तिथे स्वतः बांधलेल्या विमानाने वजन उचलून दाखवतात. त्यातल्या मुख्य गटात कित्येक वर्षं सगळ्यांना ठरावीक दहा सीसीचंच इंजिन वापरावं लागे, आणि मंजूर इंजिनांत वर उल्लेख आलेलं ६१एफएक्स होतं, एकही भाग न बदलता. पुढे तो गट विजेवर गेला, तेव्हा हजार वॅटच्या पुढे जाऊ न देणारा लिमिटर सक्तीचा झाला. ताकद सर्वांना सारखीच वाटून दिल्यावर पुढारलेल्या संघांची विमानं दहा किलोंहून अधिक ओझं घेऊन सुटत आली, आणि त्याच इंजिनाची इतर काही धावपट्टी सोडत नव्हती. फरक पंखाच्या आकारात, प्रॉपच्या निवडीत आणि विमानाच्या रिकाम्या वजनात होता.

कसरतींच्या जागतिक स्पर्धांचा इतिहासही असाच आहे. टू-स्ट्रोक इंजिनांना दहा सीसीची मर्यादा असलेल्या काळात विमानं प्रचंड वेगाने लांब पल्ल्याचे आकार काढत, आखूड धावेची इंजिनं ट्यून्ड पाइप लावून किंचाळत. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात नियम बदलले. सगळे आकार एका ठरावीक चौकटीत, वळणांसकट, आणि चढताना-उतरताना वेग सारखा राखून काढायचे. मर्यादा दहा सीसीचीच राहिली, पण इंजिनं बदलली: पिस्टनची धाव लांब झाली, फेऱ्या उतरल्या, प्रॉप मोठे झाले. ऑस्ट्रियाचा अनेक वेळचा विश्वविजेता हॅनो प्रेटनर याच्या नावाने ओ.एस.ने काढलेलं सिक्स्टीवन याच वळणाचं. ताकद वाढवायची सोय नव्हती, म्हणून ती कुठल्या फेऱ्यांवर हवी हा प्रश्न विचारला गेला.

आणि मेनार्ड हिल. ऑगस्ट २००३मध्ये या अमेरिकन अभियंत्याचं विमान न्यूफाउंडलंडच्या केप स्पिअरवरून निघालं आणि सुमारे ३,०३० किलोमीटर अटलांटिक पार करून आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरलं. इंधनासकट वजन पाच किलोंच्या आत. वेळ ३८ तास ५२ मिनिटं. हिल यांची दृष्टी तेव्हा जवळपास गेलेली होती. इंजिन होतं ओ.एस.चं दहा सीसीचं फोर-स्ट्रोक, सिक्स्टीवनच. त्यांनी त्याला घातलं कंदिलात आणि स्टोव्हमध्ये वापरतात तसलं शुद्ध पेट्रोल, थोडं तेल मिसळून, आणि कार्बोरेटरचं तोंड बारीक करून ते मिनिटाला चार हजारांच्या आसपास फेऱ्यांवर पळवलं. खोक्यावरच्या अश्वशक्तीचा लहानसा तुकडा त्यांनी वापरला. उरलेली ताकद त्यांना नकोच होती; तिला इंधन लागलं असतं आणि इंधनाला वजन असतं.

खरेदीआधी

मैदानावरच्या प्रश्नाकडे परत येऊ. काल चढणारं विमान आज दमत असेल, तर आजारी कोण ते आधी पाहावं. दहातले काही आजार प्लग बदलून जातात. वेटोळं पांढुरकं, खरबरीत झालं असेल तर तो प्लग गेला. इंधन कमी-जास्त करणारी नीडल दोन खाचा जास्त उघडी असेल तर मिश्रण जाड राहतं, धूर भरपूर निघतो आणि इंजिन फेऱ्या धरत नाही. टाकीची मधली रेघ कार्बोरेटरच्या पातळीपासून फार खाली-वर असेल तर जमिनीवर ठीक चालणारं इंजिन नाक वर करताच उपाशी मरतं, आणि मालकाला वाटतं ताकद कमी आहे. थंड इंजिनाचा प्रॉप हाताने फिरवताना वरच्या टोकाशी घट्टपणा लागत नसेल तर लायनर-पिस्टन झिजले, तेव्हा नवं इंजिन घ्यायला हरकत नाही. पण त्याच आकाराचं. टॅकोमीटर घ्यावा. पात्यांनी अडवलेला उजेड मोजून फेऱ्या सांगणारं ते साधं यंत्र आहे, आणि ते खरं बोलतंय का हे घरीच कळतं: दोन पात्यांवर लावून जुन्या ट्यूबलाइटकडे धरलं की आपल्या पन्नास हर्ट्झच्या विजेवर तीन हजार दिसायला हवेत. मग तीन प्रॉप घेऊन एका सकाळी तिन्ही लावून पाहावेत. १०×६, ११×५, १२×४.

इतकं करूनही सिक्स्टीच हवं असेल तर जरूर घ्यावं, पण सोबत सिक्स्टीचं विमान घ्यावं. १.८ मीटरच्या पंखाचं ट्रेनर फोर्टीच्या ट्रेनरपेक्षा वाऱ्यात कमी हेलकावतं, लांबून नीट दिसतं, उतरताना जास्त समजूतदार वागतं. नवशिक्यासाठी ते खरं तर सोपं. मोठ्या इंजिनाचं वजन तिथे मोठ्या पंखात वाटलं जातं आणि कुणावर भार पडत नाही. फक्त तो पंख रिक्षात मावतो का, हे पैसे देण्याआधी टेप लावून मोजून घ्यावं.